इनास मास्तर आणि साडेअकराची ओहोटी

इनास मास्तर बसलेले मला फारसे आठवत नाहीत. कंपनीने त्यांना हिरव्या रेक्झिनची फिरती खुर्ची दिली होती, तिच्यावर त्यांची छत्री बसायची. मास्तर उभे. खिडकीपाशी, नाहीतर दारात, नाहीतर फोनपाशी. कागद वाचायचे तेही फेऱ्या मारत. जीपमध्ये माझ्या शेजारी बसले तर गुडघा असा हलायचा, की गिअरचा दांडा इंजिनामुळे थरथरतोय की मास्तरांमुळे, ते मला कळायचं नाही. "मास्तर, गाडी चालूच आहे, तुम्ही चालवू नका," असं मी एकदा म्हणालो. हसले. पाच मिनिटं गुडघा गप्प. मग पुन्हा सुरू.

मी त्या कंपनीचा जीप ड्रायव्हर. पाचूबंदरचा कोळी, शाळा चौथीपर्यंत. हे लिहितो ते माझ्या मनाने, कुणाला सुधारायला देणार नाही. परवा टीव्हीवर कुठल्याशा कंपनीचा टाय लावलेला माणूस माइकसमोर हात आडवा धरून म्हणाला, "आम्ही यावर काही बोलू इच्छित नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, "गेलास रे बाबा!" सून आतून धावत आली, "कोण गेलं?" तिला काय सांगणार? मास्तर सांगायला पाहिजेत. म्हणून बसलो लिहायला.

गोष्ट आणीबाणी उठल्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली. नायगावला खाडीच्या कडेला आमचा रंगाचा कारखाना होता, कापड रंगवायच्या रंगाचा. आज तिथे टॉवर आहेत. तेव्हा एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला खाजणाचा खारा चिखल, मध्ये आम्ही. मास्तर वसईच्या वाडीतले. आधी गावच्या शाळेत शिकवलं, मग मुंबईला एका वर्तमानपत्रात प्रुफं तपासली, तिथून या कंपनीत आले. दारावर पत्र्याची पाटी लागली, 'जनसंपर्क अधिकारी'. गेटवरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "मास्तर, ह्ये काय काम असतं?"

"लोक शिव्या द्यायला येतात ना, त्यांना आधी आत घ्यायचं," मास्तर म्हणाले.

त्याला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. कुठला वार्ताहर गेटवर आला आणि पाच मिनिटं उभा राहिला तर मास्तर त्या पहारेकऱ्याला फैलावर घ्यायचे. "त्याला उन्हात ठेवलास तर तो रिकामा उभा राहील काय? भिंतीकडे बघेल, गटाराकडे बघेल, तुझ्याकडे बघेल. मग तेच लिहील. आत घे, पाणी दे, मला बोलव." फोन वाजला की दुसऱ्या घंटीला मास्तर त्याच्यावर. मॅनेजर सबनीस साहेब म्हणायचे, "मास्तर, जरा वाजू द्या. आपण बिझी आहोत असं वाटलं पाहिजे." मास्तर म्हणायचे, "साहेब, पेपरवाल्याला वेळ नसतो. आपण नाही उचलला तर तो शेजारच्याला फोन करतो. आपल्याबद्दल शेजाऱ्याने सांगितलेलं छापून आलेलं चालेल तुम्हाला?"

सबनीस साहेब दादरचे. माणूस वाईट नव्हता, पण वर्तमानपत्र म्हटलं की त्यांना एक तर हार घालावासा वाटायचा, नाहीतर कुत्रं सोडावंसं. मधलं काही नाही.

नवी शेड बांधली तेव्हा मुंबईहून पत्रकार बोलावले. साहेबांनी प्रत्येक खुर्चीवर सफारीच्या कापडाचं एकेक पुडकं ठेवायला लावलं. तेव्हा अशीच रीत होती, सगळीकडे. मास्तर सकाळी आले, पुडकी पाहिली, आणि एकेक उचलून माझ्या हातात द्यायला लागले. "दुमिंग, गाडीत टाक." पुडक्यांच्या जागी प्रत्येक खुर्चीवर एक टाइप केलेला कागद ठेवला. शेड कशासाठी, कामगार किती, पाणी कुठून घेतो आणि कुठे सोडतो, साहेबांच्या नावाचं बरोबर स्पेलिंग, आणि अधिक विचारायचं असेल तर मास्तरांच्या घराजवळच्या वाण्याचा फोन नंबर. कार्यक्रम संपल्यावर एक जाडा वार्ताहर कागद उलटासुलटा करून म्हणाला, "एवढंच? आणि बाकीचं?"

"बाकीचं म्हणजे चहा. तो त्या टेबलावर."

साहेब लाल झाले. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "मास्तर, तुम्ही मला कंजूष ठरवलंत."

"कापड घेऊन त्याने चांगलं लिहिलं असतं, तर लोक म्हणाले असते, कापडाने लिहिलं. आणि साहेब, कापड फाटतं. मग तो पुन्हा येतो."

ती पुडकी मी सहा महिने जीपच्या मागच्या सीटखाली घेऊन फिरलो.

मास्तरांची एक खोड होती, ती मला सगळ्यात आवडायची. वार्ताहरांकडे जायच्या आधी ते मला वार्ताहर करायचे. जीप खाडीच्या बांधावर उभी करायला लावायची आणि म्हणायचं, "विचार. हवं ते विचार." मी विचारायचो. मला काही त्यांच्या कागदाचं भय नव्हतं. कागदावर लिहिलेलं असायचं 'किरकोळ अपघात'. मी म्हणायचो, "किरकोळ म्हणजे किती बोटं गेली?" मास्तर पेन काढायचे, 'किरकोळ' खोडायचे, 'उजव्या हाताची दोन बोटं' असं लिहायचे, माणसाचं गाव लिहायचे, कंपनीने दवाखान्याचं काय केलं ते लिहायचे. "तुझ्यासारखा आडमुठा वार्ताहर मुंबईत नाही," म्हणायचे. ते कौतुक होतं असं मी धरून चाललो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नसलं तर म्हणायचे, "माहीत नाही. चार वाजेपर्यंत विचारून सांगतो." आणि चारच्या आत सांगायचे. माहीत नाही म्हणण्यात लाज नाही, सांगणार नाही म्हणण्यात आहे, हे त्यांचं नेहमीचं.

सगळ्यात जवळचा वार्ताहर म्हणजे हरी म्हात्रे. मिठागरवाल्यांच्या घरातला, मास्तरांच्या हाताखाली सातवी झालेला. वसईत त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पंक्चर काढता काढता बातम्या लिहायचा, आणि दुपारच्या गाडीने त्याचं पाकीट मुंबईच्या पेपराला जायचं. त्याच्या प्रत्येक कागदावर अंगठ्याचा काळा ठसा. मास्तरांचा कागद मात्र तो वाचायचा नाही. नुसता पाकिटात घालायचा. "मास्तर, तुमचं काय वाचायचं?" म्हणायचा.

मास्तर त्याला रागवायचे. "वाच रे. मी पण माणूस आहे, चुकेन."

आणि तसंच झालं.

उन्हाळा लागला होता, मिठागरात मीठ पडायला लागलं होतं. कारखान्याचं रंगाचं पाणी एका मोठ्या हौदात साठायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं, म्हणजे ते समुद्राकडे निघून जावं. असा ठराव होता. कधी सोडायचं ते सबनीस साहेबांच्या टेबलावरच्या भरती-ओहोटीच्या छापील पुस्तकात बघून ठरायचं. पुस्तक मुंबई बंदराचं. त्या दिवशी पुस्तकात भरती सव्वाअकराला संपत होती. साडेअकराला हौदाचं दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठागरात मीठ गुलाबी.

मी पाहिलंय ते. लहान मुलांना देतात त्या पेपरमिंटसारखा रंग. बघायला सुंदर, आणि कुत्रं विचारणार नाही असं मीठ. मिठागरवाले भरतीला बांधातलं लाकडी दार उघडून खाडीचं पाणी आत घेतात, त्या पाण्याबरोबर रंग आत आला होता. खाडीला वरच्या अंगाला आणखी दोन-तीन कारखाने होते, त्यामुळे कुणीही कुणावर ढकलावं. म्हात्रेचे चुलते आणि आणखी पंधरा-वीस माणसं गेटवर. म्हात्रे पण आला. त्याचं पाकीट जायला तासभर.

साहेबांच्या केबिनमध्ये धावपळ. मी व्हरांड्यात. मास्तर आत येरझाऱ्या घालत होते, साहेब त्यांच्या मागून पुस्तक नाचवत होते. "हे बघा मास्तर, प्रिंटेड आहे. साडेअकरा म्हणजे ओहोटी. आपलं पाणी बाहेर गेलं, आत येऊच शकत नाही. सिंपल. लिहा आणि द्या."

मास्तर दारापर्यंत आले. "दुमिंग..."

साहेब म्हणाले, "ड्रायव्हरचं काय काम आहे इथे? त्याला बाहेर थांबू दे. मास्तर, वेळ नाहीये!"

मास्तरांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत वळले.

आता खरं ते लिहितो. मला तेव्हाच कळलं होतं. नायगावच्या खाडीत पाणी मुंबईच्या पुस्तकाप्रमाणे फिरत नाही. तिथे भरती संपली तरी इथे पाणी आत चढतच असतं, चांगला बराच वेळ. कोळ्याच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. आत जाऊन एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. पण 'ड्रायव्हरचं काय काम' हे मी ऐकलं होतं. मी विडी पेटवली. आज विचाराल तर अजून सांगेन, माझा राग बरोबर होता. गप्प बसणं बरोबर होतं की नाही, ते विचारू नका.

मास्तरांनी सही केली. म्हात्रेने कागद न वाचता पाकिटात घातला. छापून आलं: पाणी ओहोटीला सोडल्याने मिठागरात जाणं शक्य नाही, असं कंपनीने सांगितलं. मामलेदार कचेरीतून पंचनाम्याला माणूस आला, त्याच्या खिशात तेच कात्रण. मिठागरवाल्यांना म्हणाला, "अहो, तुमच्याच हरीने दिलंय पेपरात." पंचनाम्यात कंपनीचं नाव लागलं नाही. संध्याकाळी म्हात्रेच्या दुकानासमोर त्याचा चुलता ओरडला, "कंपनीचा चा गोड लागला काय रं हरी? मीठ आता त्यांच्याकडूनच घे!"

घरी माझ्या बायकोने, मासे कापता कापता, वर न बघता विचारलं, "तुझा मास्तर वसईचाच ना रे? मग त्याला पानी कधी भरतं, कधी सुकतं, ठाव नाय? त्या टायमाला तर आपल्या होड्या पान्याबरोबर आत येत होत्या."

"ठाऊक असेल," मी म्हणालो.

"आनि तुला?"

मी जेवलो नाही त्या दिवशी.

चौथ्या दिवशी बांधावर जीप मीच थांबवली, न सांगता. म्हणालो, "मास्तर, साडेअकराला ओहोटी नव्हती. पाणी आत चाललं होतं."

गुडघा थांबला. "तुला कधी कळलं?"

"तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "नाही विचारलं." आणि मग, "माझा बाप वाडीत भरतीचं पाणी शिरू नये म्हणून बांध घालायचा. आणि मी पुस्तकावर भरवसा ठेवला."

पण माझ्या शब्दावरही ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी आम्ही खाडीवर. मास्तरांच्या एका हातात साहेबांचं पुस्तक, दुसऱ्या हातात नारळाचं सोडण, म्हणजे वरची वाळकी साल. पुस्तकातली वेळ उलटून पाव तास झाला तसं त्यांनी सोडण पाण्यात फेकलं. ते समुद्राकडे गेलं नाही. सावकाश, डुलत, मिठागराच्या दिशेने आत निघालं. मास्तर बांधावरून त्याच्याबरोबर चालायला लागले. चिखलात पाय, चप्पल एक तिथेच राहिली, तरी चालतायत. बांधातल्या लाकडी दारापाशी सोडण अडकलं तेव्हाच थांबले. घड्याळ पाहिलं. वहीत काहीतरी लिहिलं. परत येताना म्हणाले, "आता साहेब."

केबिनचं दार उघडं होतं. मी या वेळी व्हरांड्यात नाही, दारातच उभा राहिलो. कुणी बाहेर काढलं नाही.

"साहेब, आपण दिलेला कागद चुकीचा आहे. परत घ्यायचा."

"कोणी विचारलंय का?"

"नाही."

"मग? मॅटर संपलंय मास्तर. चार दिवसांत लोक विसरतात. तुम्ही स्वतः खपली काढणार? तुम्ही कंपनीचे आहात की त्यांचे?"

"कंपनीचा आहे म्हणून सांगतो. आज त्यांना कळलेलं नाही, पण खाडी रोज दोनदा तेच सांगते आहे. कधीतरी कुणीतरी बघेल. तेव्हा आपण लबाड ठरू. आज सांगितलं तर चुकलो एवढंच. पुढे कधी आपलं खरं असेल, अगदी खरं असेल, तेव्हा कोण छापेल साहेब?"

साहेबांनी पुस्तक मिटलं. "कंपनीच्या कागदावर हे जाणार नाही. गेलं तर उद्यापासून येऊ नका."

मास्तरांनी मान हलवली. टेबलावरचा कंपनीचा छापील कागद त्यांनी उचलला नाही. बाहेर येऊन माझ्या हिशेबाच्या वहीतलं मधलं पान मागितलं, आणि जीपच्या बॉनेटवर उभ्याने लिहिलं. या वेळी मला वाचून दाखवलं. "विचार," म्हणाले. मी विचारलं, "हौदाचं दार उघडलं कुणी?" मास्तर म्हणाले, "ते लिहिणार नाही. त्या पोराला सांगितलं ते त्याने केलं. वेळ तपासायची होती मी."

म्हात्रे दुकानात चाकाची आऊट काढत, म्हणजे वाकडं चाक सरळ करत होता. आम्हाला पाहिलं, पण चाक फिरवतच राहिला. मास्तर त्याच्यासमोर उभे. मग म्हात्रे चाकाकडे बघूनच म्हणाला, "मास्तर, मी तुमचा कागद कधी वाचला नाय. आता सगळा गाव माझा कागद वाचत नाय."

"आज वाच."

त्याने फडक्याला हात पुसले. पहिल्यांदाच. आणि वाचला. दोनदा. मग उठून उभा राहिला आणि बोलला ते शाळेत पोरगा बोलतो तसं नाही, वार्ताहरासारखं. "पानी कंपनीचं होतं?"

"हो."

"त्येच पानी मिठागरात गेलं, ह्ये नक्की?"

"नक्की म्हणणार नाही. मी आज बघितलं, त्या दिवशी नव्हे. पण जाणं शक्य नाही असं मी म्हणालो होतो, ते खोटं होतं. वेळ मी तपासली नव्हती."

"कंपनी ह्ये म्हनते?"

"कंपनी म्हणत नाही. मी म्हणतो. कंपनीचं नाव माझ्या मागे लावू नकोस. मागच्या वेळी लावलंस ते बरोबर, आज नाही."

म्हात्रेने कागद घडी केला. "नोकरी?"

मास्तर तिथे पंपाच्या नळीला हात लावत, स्पोक मोजत, दुकानभर फिरत होते. "गाडी किती वाजता तुझी?" म्हणाले. "चुकेल."

छापून आलं. मामलेदाराचा माणूस पुन्हा आला, या वेळी भरती बघायला. पंचनामा बदलला. कंपनीने पुढे पाणी सोडायच्या वेळी बांधावर एक मिठागरवाला ठेवला, तो लाल फडकं हलवायचा तेव्हाच दार उघडायचं. पुस्तक साहेबांच्या टेबलावर तसंच राहिलं. मास्तर मात्र त्या दिवसापासून आले नाहीत. पाटी काढली तेव्हा दरवाज्यावर चार भोकं राहिली.

त्यांच्या जागी मुंबईहून एक गुळगुळीत तरुण आला. फोन वाजू द्यायचा. वार्ताहर गेटवर उभे राहायचे.

पावसाळा सरल्यावर एक दिवस दुपारी बॉयलरची वाफेची नळी फुटली. आवाज पार वसईत ऐकू गेला. दोघे भाजले, एकाचा हात, एकाची पाठ. पण तासाभरात गावात झालं, पाच मेले. बायका गेटवर रडायला लागल्या, कुणी दगड उचलले. तरुणाने कागद काढला, 'कोणतीही जीवितहानी नाही.' खरा होता तो कागद! अक्षरन् अक्षर खरा. पण एका बाईने तो त्याच्या हातातून घेतला आणि फाडला. म्हणाली, "मागच्या येळेला पन कागदच होता." वार्ताहर आले, त्यांनी कागद घेतला, वहीत लिहिलं 'कंपनीचा दावा', आणि गेटवरच्या बायकांना विचारायला गेले.

सबनीस साहेब माझ्याकडे स्वतः आले. आवाज बसला होता. "दुमिंग, मास्तरांना घेऊन ये. म्हणावं, जागा तुमचीच आहे. म्हणावं... काहीही म्हण, पण आण."

मी जीप उडवत वाडीत गेलो. मास्तरांच्या अंगणात म्हात्रेची सायकल. म्हात्रे ओट्यावर घाम पुसत होता. तोही मास्तरांना विचारायलाच आला होता. "मास्तर, पेपरवाले फोनवर आहेत. पाच की शून्य? तुम्ही म्हनाल ते लिहितो."

मास्तर केळीच्या वाफ्यात उभे होते, हात मातीचे. मी साहेबांचा निरोप सांगितला. त्यांनी तो ऐकला. म्हात्रेला म्हणाले, "मी तिथे नाही, हरी. मला माहीत नाही. माझं नाव घालून शून्य लिहिलंस तर तुझा कान पिरगळेन."

"मग मी काय लिहू?"

मास्तरांनी हात धोतराला पुसले, दोरीवरचा सदरा ओढला. "जाऊन बघू. चल."

मी जीपचं दार उघडलं. ते जीपला वळसा घालून पुढे गेले. "कंपनीच्या गाडीतून उतरलो तर त्या बायका माझं का ऐकतील?" म्हणाले, आणि म्हात्रेच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. बसले म्हणजे टेकले. म्हात्रेला पेडल मारवेना, मास्तर मागे एवढे हलत होते. चढावर उतरले आणि सायकलच्या पुढे चालायला लागले. मी मागून, पहिल्या गिअरमध्ये, रिकामी जीप घेऊन.

गेटवर त्यांनी कंपनीच्या कुणाकडे पाहिलं नाही. रडणाऱ्या बायकांतल्या दोघींना म्हणाले, "बाय, माझ्यावर पण भरवसा ठेवू नका. माझ्याबरोबर या. स्वतः माणसं मोजा. कोण कुठल्या गावचा, विचारून घ्या." आणि त्या दोघी, म्हात्रे आणि मास्तर, असे चौघे आत निघाले. तरुण आडवा येऊ बघत होता. पहारेकऱ्याने त्यालाच बाजूला केलं.

सबनीस साहेब जीपकडे धावत आले. आत वाकून पाहिलं. मागची सीटही पाहिली.

"मास्तर कुठे आहेत? काय म्हणाले?"

"माहीत नाही म्हणाले," मी सांगितलं. "बघायला गेलेत."

साहेब माझ्याशेजारीच उभे राहिले. लांब बॉयलरच्या शेडपाशी वाफेचा पांढरा ढग अजून लोंबत होता. मास्तर त्याच्या दिशेने भराभर चालले होते, दोघी बायका पदर खोचून त्यांच्या मागे, म्हात्रे वही काढत सर्वांच्या शेवटी. शेडच्या दारात मास्तर थांबले, स्वतः बाजूला झाले, आणि बायकांना आधी आत जाऊ दिलं.